सेवक, पुढारी आणि गणसेवक : काशीचा राजघाट व मराठी सेवाविचारातील तरुणांचे स्थान

१.

संकटग्रस्तांच्या मदतीला धावणारा तरुण हा आधुनिक भारतीय सार्वजनिक जीवनातील एक परिचित नायक आहे. दुष्काळ, महापूर, साथ, दंगल किंवा निर्वासितांचे लोंढे यांपैकी काहीही आले की महाविद्यालयांतून तरुणांची पथके निघतात, आणि काही वर्षांनी त्यांतलेच काहीजण समाजाचे मार्गदर्शक म्हणून ओळखले जाऊ लागतात. सेवा ही नेतृत्वाची पाठशाळा आहे, असे यावरून सहजच म्हटले जाते. परंतु हे विधान दिसते तितके निरुपद्रवी नाही. सेवेतून नेतृत्व घडते हे खरे मानले, तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही : नेतृत्व कोणाचे घडते? मदत करणाऱ्याचे, की ज्याला मदत मिळाली त्याचे? आपत्तीतून पुढारी निपजावा आणि आपद्ग्रस्त मात्र होता तेथेच राहावा, असे घडत असेल तर त्या सेवेला सेवा म्हणावे काय?

मराठी विचारविश्वात हा प्रश्न विसाव्या शतकात अत्यंत गंभीरपणे विचारला गेला. तो विचारण्यात काशीचा, विशेषतः राजघाट येथील सर्व सेवा संघाच्या परिसराचा, वाटा मोठा होता. प्रस्तुत लेखात त्या विचाराचे शब्दरूप आणि त्याचे प्रत्यक्षातील रूप या दोहोंचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे. येथे सर्वोदय चळवळीचा संपूर्ण इतिहास अभिप्रेत नाही. तरुण, सेवा आणि नेतृत्व या तिहींचा परस्परसंबंध एवढाच आपला विषय आहे.

२.

प्रारंभी शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण एखादा समाज सेवेविषयी काय मानतो हे त्याच्या भाषेत आधीच नोंदलेले असते.

‘नेता’ हा शब्द नेणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. जो इतरांना नेतो तो नेता. ‘अग्रणी’ या शब्दातही पुढे राहून नेण्याचाच अर्थ आहे. मराठीतील ‘पुढारी’ हा शब्द मात्र केवळ जागा सांगतो. पुढारी पुढे असतो. तो कोणाला कोठे नेतो याविषयी शब्द मौन पाळतो. बोलीतील ‘म्होरक्या’ याच जातीचा; पण त्याला बंडखोरांच्या किंवा टवाळांच्या टोळीचा वास आहे. या सर्वांहून वेगळा आहे तो ‘धुरीण’. धुरा म्हणजे जू. ती वाहणारा तो धुरीण. येथे पुढे असणे किंवा नेणे महत्त्वाचे नसून खांद्यावर ओझे घेणे महत्त्वाचे आहे. म्हणजे एकाच भाषेने नेतृत्वाच्या तीन कल्पना जपल्या आहेत : नेणारा, पुढे असणारा आणि वाहणारा.

सेवेच्या बाजूचे शब्दही असेच बोलके आहेत. परंपरेत ‘सेवा’ ही देवाची, गुरूची किंवा मातापित्यांची. तिच्यात सेव्य हा श्रेष्ठ असतो. आधुनिक काळात सेव्याच्या जागी अनोळखी, रोगी, दरिद्री मनुष्य आला. शब्द मात्र तोच राहिला. या बदलात मोठी नैतिक मागणी दडलेली आहे, कारण ज्याची सेवा करावयाची त्याला श्रेष्ठ मानणे हे या शब्दाच्या पोटातच आहे. याउलट ‘उपकार’ हा शब्द करणाऱ्याला वर आणि घेणाऱ्याला खाली बसवतो. ‘वेठबिगार’ हे श्रमाचे तिसरे रूप. तेथे श्रम आहेत, पण राजीखुशी नाही. ‘श्रमदान’ हा शब्द याच वेठीला दिलेले उत्तर होय.

लोकभाषेने मात्र स्वयंसेवकाची थट्टाही केली आहे. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा मनुष्य मराठी घरात फारसा कौतुकाचा विषय नसतो. या म्हणीत एक व्यवहारी शहाणपण आहे. भाकऱ्या लष्कराच्या आहेत. लढाई, तिचा हेतू आणि तिचे यश भाजणाऱ्याच्या हाती नाही. सेवा करणाऱ्याने आपण कोणाच्या भाकऱ्या भाजत आहोत हे पाहावे, असा इशारा या थट्टेत ऐकू येतो. पुढे १९७४ मध्ये तरुणांनी वडीलधाऱ्यांना जो प्रश्न विचारला, त्याचे बीज या म्हणीत सापडते.

३.

महाराष्ट्राचे आणि काशीचे नाते पुरातन आहे. एकनाथांनी आपला भागवतावरील ग्रंथ १५७३ मध्ये काशीत पूर्ण केला. काशीची कावड रामेश्वरास नेत असताना वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी त्यांनी गंगोदक घातले, ही आख्यायिका मराठी मुलांना शाळेच्या आधीच ठाऊक होते. तिच्यात तीर्थ आणि तहान यांच्यात निवड करावयाची आहे, आणि ती निवड करताना नाथ कोणाचा सल्ला घेत नाहीत. मराठी मनातील सेवेचे हे मूळ चित्र. त्यात संस्था नाही, प्रशस्ती नाही आणि उपकृत प्राणी आभार मानू शकत नाही.

पेशवाईच्या काळापासून दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांत मराठी वस्ती रुजली. मराठी सरदारांनी आणि संस्थानिकांनी घाट बांधले, अन्नछत्रे चालविली. अन्नछत्र ही मोठी दयाशील संस्था खरी. परंतु तिच्यात दाता आणि याचक असे दोनच पक्ष असतात. धन दात्याचे, वाढपी पगारी आणि जेवणारा उपकृत. स्वतः येऊन राबणारा तिसरा मनुष्य, म्हणजेच स्वयंसेवक, या रचनेत नसतो.

हा तिसरा मनुष्य काशीत ठळकपणे दिसला तो १९०० साली, आणि तो बंगाली होता. विवेकानंदांच्या विचाराने भारलेल्या चारुचंद्र दास, यामिनीरंजन मजुमदार, केदारनाथ मौलिक इत्यादी तरुणांनी रस्त्यावर मरणोन्मुख पडलेल्या निराधार यात्रेकरूंची शुश्रूषा सुरू केली. चार आण्यांच्या भिक्षेतून हे काम उभे राहिले, अशी त्याची स्मृती सांगितली जाते. तरुणांनी आपल्या संस्थेला प्रथम ‘दरिद्रांचे दुःखनिवारण’ अशा अर्थाचे नाव दिले होते. विवेकानंदांनी ते बदलण्यास सुचविले. दुसऱ्याचे दुःख निवारणारे आपण कोण, आपल्याला केवळ सेवेचा अधिकार आहे, हा त्या सूचनेचा आशय. तेव्हापासून ती संस्था ‘सेवाश्रम’ झाली आणि लक्सा भागात तिचे रुग्णालय वाढले. एका शब्दाच्या बदलाने कर्त्याची जागा बदलली, हे भाषेच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्रातही याच सुमारास संघटित सेवेचे प्रयोग चालू होते. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी प्राण ठेवला. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला आणि ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गोखल्यांच्या संस्थेचे नावही अर्थपूर्ण आहे. देशाचे पुढारीपण ज्यांच्या आवाक्यात होते अशा सुशिक्षितांनी स्वतःला ‘सेवक’ म्हणवून घेतले. याच समाजाचे पथक १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात हृदयनाथ कुंझरू यांच्या देखरेखीखाली काम करीत होते. फिनिक्स आश्रमातील तरुणांना घेऊन गांधीजी तेथे गेले आणि त्या मुलांनी मैलासफाईचे काम पत्करले. मोठ्या मेळ्यात स्वयंसेवकाला दिसण्याजोगी कामे पुष्कळ असतात. या तरुणांनी न दिसणारे काम निवडले.

४.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९१६ च्या वसंतात, वीस वर्षांचा एक मराठी तरुण काशीत आला. इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून तो बडोद्याहून निघाला होता. पण सुरतेस उतरून त्याने काशीची गाडी धरली. आपली प्रमाणपत्रे त्याने तत्पूर्वीच आईच्या चुलीत जाळली होती. विनायक नरहरी भावे हे त्याचे नाव. काशीत तो अन्नछत्रात जेवत असे आणि संस्कृत ग्रंथांचा अभ्यास करीत असे. हिंदू विश्वविद्यालयाच्या कोनशिला समारंभानिमित्त त्याच वर्षी फेब्रुवारीत गांधीजींनी केलेले भाषण तेथे अजून चर्चेत होते. रत्नालंकारांनी सजलेल्या संस्थानिकांसमोर देशाच्या दारिद्र्याची आणि विश्वनाथाच्या गल्लीतील घाणीची गोष्ट काढणारे ते भाषण विनोबांनी वृत्तांतरूपाने वाचले, गांधीजींशी पत्रव्यवहार केला आणि ७ जून १९१६ रोजी ते कोचरबच्या आश्रमात त्यांना भेटले.

ही हकिगत सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, मराठी सेवाविचाराच्या सर्वांत समर्थ प्रवक्त्याने आपल्या सेवाजीवनाचा आरंभ प्रमाणपत्रांचा त्याग करून केला. सेवेने कर्त्याला काही ‘बनवावे’, ही अपेक्षाच त्याने आधी मोडीत काढली. पुढे ‘नेतृत्व’ या शब्दाविषयी विनोबांना वाटणारी अस्वस्थता येथूनच समजून घ्यावी लागते. स्वराज्यानंतरच्या काळात त्यांनी ‘नेतृत्व’ या कल्पनेसमोर ‘गणसेवकत्व’ ही कल्पना ठेवली. एकाने पुढे होऊन अनेकांना नेण्याचा काळ मागे पडला. आता समूहाने एकत्र विचार करावा आणि समूहानेच सेवा करावी, असा तिचा इत्यर्थ होता. वर पाहिलेल्या शब्दांच्या भाषेत सांगायचे तर विनोबांनी ‘नेता’ आणि ‘पुढारी’ दोन्ही नाकारले व ‘धुरीण’ ठेवला. मात्र धुरा एकाच्या खांद्यावर न ठेवता ती सर्वांच्या खांद्यांवर वाटून दिली.

येथे एक आक्षेप संभवतो. गणसेवकत्वाचा पुरस्कार करणारे विनोबा स्वतः मात्र लक्षावधींचे नेते होते, आणि त्यांचा शब्द हाच त्यांच्या अनुयायांत बहुधा अंतिम ठरे. या आक्षेपात तथ्य आहे. नेतृत्वाचा निषेध जेव्हा एखादा असामान्य मनुष्य करतो, तेव्हा त्या निषेधालाही त्याच्या नेतृत्वाचेच बळ मिळते. हा अंतर्विरोध सर्वोदय चळवळीत शेवटपर्यंत राहिला आणि १९७४ मध्ये त्याचा स्फोट झाला.

५.

दंगलीच्या वेळी निःशस्त्रपणे मध्ये उभे राहणारे दल असावे, ही कल्पना गांधीजींनी १९३८ मध्ये मांडली होती. विनोबांनी ऑगस्ट १९५७ मध्ये केरळच्या पदयात्रेत शांतिसेनेची स्थापना करून तिला रूप दिले. पाच हजार लोकवस्तीमागे एक सैनिक, म्हणजे देशासाठी सत्तर हजार, असा त्यांचा हिशेब होता. त्याहून महत्त्वाची होती ती सैनिकाच्या कामाची व्याख्या. शांतिसैनिक नित्य सेवासैनिक असावा आणि प्रसंगी शांतिसैनिक व्हावा. दंगल पेटल्यावर येणाऱ्या अनोळखी माणसाचे कोणी ऐकत नाही. ज्याने शांततेच्या काळात त्या वस्तीतील रोग्याला औषध आणून दिले त्याचेच ऐकले जाते. म्हणून सेवा ही शांतिसैनिकाची पूर्वतयारी. या सेनेला लोकांची संमती असावी यासाठी ‘सर्वोदय-पात्र’ सुचविले गेले. घरातील लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य त्यात पडावे, एवढीच कल्पना. पण दुरून आलेल्या देणगीपेक्षा शेजाऱ्याच्या मुठीवर सेवकाला अवलंबून ठेवणारी ही योजना होती.

सर्व सेवा संघाचे आणि अखिल भारत शांतिसेना मंडळाचे कार्यालय काशीला राजघाटावर होते. जयप्रकाश नारायण मंडळाचे प्रमुख होते, तर नारायण देसाई यांनी मंत्री म्हणून प्रशिक्षणाचा भार वाहिला. जयप्रकाशांच्या पुढाकाराने गांधी विद्या संस्थान हे अभ्यासकेंद्रही त्याच परिसरात उभे राहिले. सर्वोदयाचे भाष्यकार दादा धर्माधिकारी यांचा या केंद्राशी निकटचा संबंध होता. बेचाळीसच्या भूमिगत लढ्याचे एक अग्रणी अच्युतराव पटवर्धन यांनी तर १९५० च्या सुमारास राजकारणच सोडले. त्यांची पुढची वर्षे राजघाटावरील कृष्णमूर्तींच्या शिक्षणसंस्थेच्या सहवासात गेली आणि १९९२ मध्ये काशीतच त्यांचा अंत झाला. पुढारीपण हाती असताना ते खाली ठेवणारी मराठी माणसे वरुणा-गंगा संगमाच्या आसपास एकत्र यावीत, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

शांतिसेनेतील प्रौढांबरोबर तरुणांचे स्वतंत्र संघटन असावे या विचारातून १९६० नंतरच्या दशकात तरुण शांतिसेना वाढीस लागली. राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसमभाव, लोकशाही आणि विश्वशांती या चार निष्ठांवर ती उभी होती. तिचे मुख्य साधन शिबिर. सकाळी श्रम, दुपारी चर्चा, सायंकाळी प्रार्थना आणि गाणी, हा शिबिराचा क्रम महाराष्ट्रास नवा नव्हता. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने आणि त्याच साठोत्तर दशकात बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीने मराठी तरुणांना या पद्धतीची ओळख करून दिली होती. शिबिराचा खरा संस्कार त्याच्या बरोबरीत असतो. वेगवेगळ्या जातींची आणि प्रांतांची मुले एका पंगतीत जेवतात, आळीपाळीने झाडू घेतात, आणि शिबिरप्रमुखालाही भांडी घासण्याची पाळी चुकत नाही. अधिकार आणि मोऱ्या धुणे हे एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकते, हे भाषणातून शिकविता येत नाही.

६.

शिबिरात शिकलेले कसोटीला लागले ते प्रत्यक्ष आपत्तीत. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात जयप्रकाशांच्या नेतृत्वाखालील बिहार रिलीफ कमिटीने मोठे काम उभे केले आणि त्यात विद्यार्थी स्वयंसेवकांचा भरणा होता. १९६९ च्या अहमदाबाद दंगलीनंतर शांतिसैनिकांनी तेथे महिनोन् महिने मुक्काम केला. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा त्यांच्या छावण्यांत स्वच्छतेचे काम गांधीवादी कार्यकर्त्यांनी आणि तरुणांनी पत्करले. पावसाळा, चिखल आणि पटकीची साथ अशा स्थितीत शौचकूप खणणे हेच तेथे जीव वाचविण्याचे काम होते. हरिद्वारच्या १९१५ च्या परंपरेशी या कामाचे सरळ नाते आहे.

अशा कामातून तरुणात कोणते गुण येतात? पहिला गुण मोजण्याचा. किती माणसे, किती धान्य, किती दिवस, हे न विचारता केलेली करुणा दुसऱ्याच दिवशी संपते. दुसरा ऐकण्याचा. आपद्ग्रस्ताची गरज आपल्याला वाटते तीच असेल असे नाही. तिसरा गुण नाही म्हणण्याचा. रांगेतील शेवटच्या माणसाला आज धान्य उरले नाही हे समोर उभे राहून सांगणे आणि उद्या त्याच्यापासून वाटप सुरू करणे, यासाठी वक्तृत्वाहून वेगळे धैर्य लागते. हे तिन्ही गुण नेतृत्वाचे आहेत याविषयी शंका नाही. परंतु चौथी गोष्ट तरुणांच्या ध्यानात आली, आणि ती गैरसोयीची होती. दुष्काळात कोणत्या घरातील चूल आधी विझते, मदतीची यादी कोणाच्या ओसरीवर तयार होते, कोणाची जमीन गहाण पडते, हे ज्याने एकदा पाहिले त्याला आपत्ती केवळ निसर्गाची वाटत नाही. सेवेने तरुणाला कारणांपर्यंत नेले. कारणे दिसू लागल्यावर केवळ निवारणावर समाधान मानणे त्याला कठीण झाले.

७.

बिहारच्या विद्यार्थी आंदोलनाने १९७४ मध्ये हा प्रश्न ऐरणीवर आणला. जयप्रकाश संघर्षात उतरले. विनोबांना तो मार्ग मान्य नव्हता. सर्व सेवा संघात तीव्र मतभेद झाले, २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी वर्षभराचे मौन धरले आणि शांतिसेनेचे संघटन विस्कटले. दोन थोर पुरुषांमधील मतभेद म्हणून या घटनेकडे नेहमी पाहिले जाते. आपल्या दृष्टीने ती सेवा आणि नेतृत्व यांच्या नात्याविषयीची फूट होती. अन्याय दिसत असूनही केवळ सेवा करीत राहणे म्हणजे अन्यायाच्याच लष्कराच्या भाकऱ्या भाजणे नव्हे काय, असे एका पक्षाचे म्हणणे. संघर्षाने पुढारी निर्माण होतात आणि पुढाऱ्यांबरोबर सत्तेची ओढ येते, असे दुसऱ्याचे. पुढील पन्नास वर्षांचा इतिहास पाहता दोन्ही पक्षांची भीती खरी ठरली, असे म्हणावे लागते. त्या आंदोलनातून आलेले काही तरुण मोठ्या सत्तापदांवर पोहोचले, आणि ज्या सेवासंस्थांनी प्रश्न विचारणे सोडले त्या हळूहळू निस्तेज झाल्या.

तथापि जयप्रकाशांनी १ जानेवारी १९७५ रोजी स्थापन केलेल्या छात्र-युवा संघर्ष वाहिनीत एक नियम होता, ज्याची पुरेशी चर्चा झालेली नाही. वाहिनीचे सदस्यत्व तिसाव्या वर्षापर्यंतच. तिशी ओलांडली की बाहेर पडावयाचे. या साध्या नियमाने नेतृत्वावर काळाची मर्यादा घातली. ज्याला आपण जाणार आहोत हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, त्याला मागे येणाऱ्याला शिकविण्यावाचून गत्यंतर नसते. तरुणांच्या संस्थांतून वृद्ध ‘युवा नेते’ पाहण्याची सवय झालेल्या आपल्या सार्वजनिक जीवनात हा नियम आजही विचारात घेण्याजोगा आहे.

८.

तरुण शांतिसेनेचा आणि वाहिनीचा वारसा महाराष्ट्रात कोठे गेला, हे पाहू लागले की दृष्टी गडचिरोलीकडे वळते. चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल याच प्रवाहातून आले. आडनाव टाकून आई आणि वडील या दोघांची नावे धारण करणे हाच त्यांच्या विचाराचा पहिला परिचय. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात देवाजी तोफा आणि ग्रामस्थ यांच्यासह त्यांनी जे काम केले त्याची पद्धती आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. गावात दोन व्यवस्था वेगळ्या ठेवल्या गेल्या. ग्रामसभा निर्णय घेते, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. अभ्यासगट केवळ अभ्यास करतो; त्याला निर्णयाचा अधिकार नाही. बाहेरचा सुशिक्षित माणूस अभ्यासगटात बसू शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो; पण ठरविणे गावाचे. म्हणजे ज्ञान आणि सत्ता यांची जी गाठ पुढाऱ्याच्या ठायी पडते, ती येथे जाणीवपूर्वक सोडविली आहे. या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. हे यश कोणा एका नेत्याच्या नावावर लिहिता येत नाही, हेच त्या कामाचे वैशिष्ट्य होय. गणसेवकत्व या शब्दाला प्रत्यक्ष आशय मिळाला तो अशा ठिकाणी.

दुसरे उदाहरण आरोग्याचे. १९७४ च्या सुमारास आकाराला आलेल्या मेडिको फ्रेंड सर्कल या तरुण डॉक्टरांच्या गटाची मुळे तरुण शांतिसेनेच्या सहवासात होती. अभय बंग त्या पिढीतले. सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेल्या बंग यांनी राणी बंग यांच्यासह १९८० नंतरच्या दशकात गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारली. नवजात बालकांच्या मृत्यूंवर त्यांनी शोधलेला उपाय गावातील स्त्रीला आरोग्यदूत म्हणून शिकविण्याचा होता. ३९ गावांतील या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांत दिसून आले. डॉक्टरने आपली विद्या आपल्यापाशी न ठेवता अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती देणे, यात वैद्यकीय शोधाइतकाच नेतृत्वविषयक निर्णयही आहे. तरुणांसाठी त्यांनी २००६ मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रमही शिबिराचीच परंपरा पुढे चालवितो. आयुष्याचे काय करावयाचे, हा विनोबांनी १९१६ मध्ये रेल्वेच्या डब्यात सोडविलेला प्रश्न तेथे तरुणांनी एकत्र बसून सोडवावा, अशी अपेक्षा असते.

९.

दरम्यान शासनानेही हा विषय हाती घेतला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आज ती देशभर पसरली आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक विशेष शिबिर केल्यावर विद्यार्थ्यास प्रमाणपत्र मिळते. या योजनेने खेड्याचे तोंडही न पाहिलेल्या असंख्य विद्यार्थ्यांना खेड्यात नेले, रक्तदान आणि वृक्षारोपण यांची सवय लावली, हे मान्य केले पाहिजे. सर्वांनी प्रमाणपत्रे जाळून काशीची गाडी धरावी अशी अपेक्षा कोणतीही शिक्षणव्यवस्था करू शकत नाही. परंतु चुलीत जाळलेले प्रमाणपत्र आणि सेवेबद्दल मिळालेले प्रमाणपत्र यांच्यामधील अंतर नजरेआड करता येत नाही. सेवा जेव्हा तासांत मोजली जाते, तेव्हा सेव्य हा साधन होतो आणि सेवक साध्य. अलीकडे ‘नेतृत्वविकास’ या नावाने जे अभ्यासक्रम चालतात त्यांत तर हे उघडच असते. आपद्ग्रस्त वस्ती ही तेथे तरुणाच्या व्यक्तिमत्त्वासाठी उपलब्ध झालेली कार्यशाळा ठरते. विवेकानंदांनी काशीच्या तरुणांना सुचविलेला शब्दबदल पुन्हा एकदा आठवण्याची ही वेळ आहे.

राजघाटाचे पुढे काय झाले, हेही नोंदविले पाहिजे. जमिनीच्या मालकीविषयी रेल्वेशी झालेल्या वादाच्या अखेरीस जुलै २०२३ मध्ये सर्व सेवा संघाचा परिसर रिकामा करण्यात आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथील इमारती पाडण्यात आल्या. विनोबा, दादा धर्माधिकारी यांचे हिंदी ग्रंथ प्रसिद्ध करणारे प्रकाशनही तेथेच होते. ज्या पटांगणात देशभरच्या तरुणांची शिबिरे भरली त्याची खूण आता शोधावी लागेल. वास्तू गेल्या म्हणजे विचार गेला असे होत नाही. पण अभ्यासकांवरील जबाबदारी वाढते. या प्रवाहाची पत्रे, शिबिरवृत्ते, आठवणी मराठी, हिंदी, गुजराती आणि बंगाली या भाषांत विखुरलेल्या आहेत. त्या गोळा करून एकत्र वाचण्याचे काम कोणत्याही एका भाषेच्या अभ्यासकाला झेपणारे नाही.

१०.

एवढ्या विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की, मराठी सेवाविचाराने नेतृत्वाकडे सेवेचे पारितोषिक म्हणून पाहिले नाही, धुरा म्हणून पाहिले. आणि ही दृष्टी ‘धुरीण’ या शब्दात आधीपासून होती. दुसरा असा की, तरुणाला कारणांपर्यंत न पोहोचविणारी सेवा अपुरी राहते, आणि कारणांपर्यंत पोहोचलेला तरुण केवळ सेवेवर थांबत नाही. १९७४ ची फूट हा त्या अटळ वाढीचा परिणाम होता. तिसरा निष्कर्ष आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर होय. सेवेतून नेतृत्व घडले की नाही हे सेवकाकडे पाहून ठरवू नये. तो गाव सोडून गेल्यानंतर त्या गावात काय उरले ते पाहावे. ग्रामसभा भरते काय, आरोग्यदूत स्त्री रात्री बाळंतिणीच्या घरी जाते काय, रांगेतला शेवटचा माणूस आपले म्हणणे स्वतः मांडतो काय? या प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर नेतृत्व घडले. त्यावर कोणाचेच नाव लिहिलेले नसेल, तर ते अधिक चांगले घडले.